एका परिच्छेदामागे जिनिव्हात बारा दिवस

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

ट्राममधून उतरलं की आधी ती खुर्चीच दिसते. बारा मीटर उंच, साडेपाच टन लाकडाची, आणि चारांतला एक पाय अर्ध्यातून तुटलेला, चिरफळ्या उडालेला. मागे संयुक्त राष्ट्रांचं आवार, झेंड्यांच्या दोन रांगा. पण नजर खुर्चीवरून हलत नाही. शिल्पकार डॅनिएल बेर्से यांच्याकडून ती १९९७ साली 'हँडिकॅप इंटरनॅशनल' या संस्थेनं करून घेतली आणि भूसुरुंगांवर बंदी घाला म्हणून राष्ट्रांच्या दारात उभी केली. तीन महिने राहणार होती. त्याच वर्षी डिसेंबरात ओटावाला भूसुरुंगबंदीचा करार झाला. त्यामागे सरकारांइतकाच जोर स्वयंसेवी संस्थांच्या आघाडीचा होता. मधली एक-दोन वर्षं सोडली तर खुर्ची अजून तिथंच आहे.

मावशी बराच वेळ मान वर करून बघत होत्या. "म्हणजे आपल्यासारख्या लोकांनी करून घेतलेला कायदा आहे हा," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

मावशींनी तीस वर्षं कचरा वेचला आहे. मी त्यांच्या संघटनेत काम करते. प्लास्टिक प्रदूषण संपवण्यासाठी जगानं एक बंधनकारक करार करायचं ठरवलंय, त्याच्या वाटाघाटींना आम्ही दोघी निरीक्षक म्हणून आलोय. करारात न्याय्य संक्रमणाचं एक कलम आहे. प्लास्टिकची व्यवस्था बदलताना त्यावर पोट असणाऱ्यांचं काय, हे त्यात लिहिलं जाणार आहे. त्या कलमात आम्हाला एक वाक्य हवंय: कचरा गोळा करायचं काम कुणाही कंपनीला देण्याआधी तिथं आधीपासून काम करणाऱ्या कचरावेचकांशी बोललं पाहिजे. एवढ्यासाठी आलो.

चौकात आज मोर्चा होता. शेकडो माणसं, लहान मुलं, फलक. बेंजामिन वॉन वाँग या कलाकाराचं मोठं शिल्पही इथं उभं राहतंय. विचारात बुडालेला माणूस आहे, आणि बैठका चालतील तसतसा रोज त्याच्यावर प्लास्टिकचा ढीग वाढत जाणार आहे. त्या ढिगाकडे मावशी कामाच्या नजरेनं बघत होत्या.

५ ऑगस्ट, मंगळवार

बॅजवर नाव आणि संस्था. आत शिरल्यावर हिरवळीवर मोर फिरताना दिसले. ही जागा ज्यानं दिली त्यानं इथं मोर मोकळे राहावेत अशी अट घातली होती म्हणतात.

मोठं सभागृह भरलेलं होतं. १८३ देशांचे सुमारे १४०० प्रतिनिधी, आणि आमच्यासारखे चारशेहून जास्त संघटनांचे हजाराच्या आसपास निरीक्षक. आमच्या खुर्च्या अर्थातच मागे. पुढच्या रांगांत देशांच्या नावांच्या पाट्या. बोलायचं असेल तर पाटी उभी करायची. निरीक्षकांनी सगळे देश बोलून झाल्यावर, वेळ उरला आणि अध्यक्षांनी नाव पुकारलं तर बोलायचं. मत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मसुद्यात शब्द सुचवायचा हक्क नाही, तो फक्त देशाला.

ह्या खोलीत आपण आहोत हेही आपोआप झालेलं नाही, आणि ते मी मावशींना कालच रात्री सांगितलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम ७१ आलं १९४५ साली, बिगरसरकारी संघटनांशी सल्लामसलत करता येईल एवढंच त्यात होतं. १९७२ला स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत सरकारं एका बाजूला बसली आणि संघटनांनी शेजारी स्वतःचा मेळा भरवला. १९९२ला रिओच्या वसुंधरा परिषदेत जाहीरनाम्याच्या दहाव्या तत्त्वात आलं की पर्यावरणाचे प्रश्न सगळ्या संबंधित नागरिकांच्या सहभागानंच नीट सुटतात. तिथल्याच 'अजेंडा २१' ह्या कृती आराखड्यानं नऊ गट मोजले: स्त्रिया, मुलं आणि तरुण, आदिवासी, स्वयंसेवी संस्था, कामगार, शेतकरी, वैज्ञानिक, स्थानिक शासन आणि उद्योग. वीस-पंचवीस वर्षांनी एकेक पायरी.

ह्या कराराचा ठराव झाला २ मार्च २०२२ला नैरोबीत. अनौपचारिक आणि सहकारी पद्धतीनं काम करणारे लोक प्लास्टिक गोळा करण्यात, निवडण्यात मोठा वाटा उचलतात, हे त्या ठरावात लिहिलेलं आहे. ते वाक्य मी मावशींना मराठीत वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पण नाव कुठं घेतलंय आमचं?" त्याच वर्षीच्या पहिल्या फेरीपासून केनिया आणि दक्षिण आफ्रिकेनं पुढाकार घेऊन कचरावेचकांच्या बाजूनं देशांचा एक मित्रगट उभा केला, तो ह्याच मुद्द्यासाठी. नाव घेतलं तर हक्क सांगता येतो.

६ आणि ७ ऑगस्ट

खरं काम मोठ्या सभागृहात होत नाही. चार संपर्क गट केलेत, कलमं वाटून घेतलीत, आणि एकाहून जास्त गट एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. ज्या देशानं दोनच माणसं पाठवलीत त्यानं काय करायचं? एखाद्या खोलीत त्याची पाटी असते, माणूस नसतो. मोठ्या देशांचे तीस-चाळीस जण येतात, त्यांना ही अडचण नाही.

मोठ्या सभागृहात सहा भाषांत दुभाषे असतात. संपर्क गटांत फक्त इंग्रजी. मी मावशींच्या कानाशी बोलत राहते. समोर पडद्यावर मसुदा असतो, आणि कुणी बोललं की त्यात शब्द वाढतात. एखाद्या देशाला शब्द मान्य नसेल तर त्याच्याभोवती चौकटी कंस पडतो. कंस म्हणजे हे अजून ठरलेलं नाही. पहिल्याच दिवशी मावशींना भाषा कळेना, पण कंस कळले. "तो बघ, अजून एक टाकला," म्हणायच्या. एका परिच्छेदाला एकात एक असे चार कंस पडले, तेव्हा वाक्य कुठं सुरू होतं तेच मला दिसेना.

सहा तारखेच्या दुपारी बाहेरच्या बाकावर बसून आम्ही आमचं वाक्य एका चिठ्ठीवर लिहिलं. खाली कलमाचा नंबर, परिच्छेदाचा नंबर, आणि नेमकं कुठं घालायचं ते. निरीक्षकानं करायचं काम हेच. तुमचा शब्द पडद्यावर यायचा तर एखाद्या देशाच्या तोंडूनच यावा लागतो. म्हणून शब्द तयार ठेवायचा, छोटा ठेवायचा, आणि योग्य माणूस खोलीबाहेर येईपर्यंत थांबायचं. नव्वदच्या दशकात हवामानाच्या वाटाघाटींत लहान बेटराष्ट्रांच्या पाठीशी लंडनच्या 'फील्ड' ह्या संस्थेचे वकील उभे राहिले. ज्यांच्याकडे कायदेतज्ज्ञांची फौज नव्हती त्या देशांना त्यांनी मसुद्याची भाषा दिली. आपण काही निराळं करत नाही, ह्याचा मला त्या बाकावर आधार वाटला.

एका लहान देशाच्या बाई बाहेर आल्या. मी बोलायला सुरुवात केली, त्या घाईत होत्या, घड्याळ बघत होत्या. मावशींनी मध्येच पिशवीतून दोन गोष्टी काढल्या: एक साधी पिशवी आणि एक चकचकीत पुडी, मसाल्याची असते तसली. आधी पिशवी बाईंच्या कानाशी चुरगाळली, मग पुडी. पिशवी सळसळते, हात सोडला की हळूहळू उलगडते. पुडीचा आवाज कडक, तुटक. मावशी म्हणाल्या, "डोळे मिटून सांगते मी, ही एलडी, पातळ पिशवीचं प्लास्टिक, ही विकली जाते. ही पुडी. हिच्यात तीन-चार थर असतात, एकमेकांना चिकटलेले, कुणी सुटे करू शकत नाही. भंगारवाला घेत नाही. वेचली काय, न वेचली काय. ही करतायत ती थांबवा, आणि जी विकली जाते ती आमच्या हातातून काढू नका." मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी पुडी मागून घेतली. स्वतः चुरगाळून पाहिली. चिठ्ठी वहीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सात तारखेला, साडेपाचच्या सुमारास त्यांनी पाटी उभी केली आणि आमचं वाक्य वाचलं. टंकलेखन करणारा मुलगा अडखळला, त्यांनी पुन्हा सावकाश वाचलं. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. लगेच दुसऱ्या देशानं हरकत घेतली, कंस पडला. मावशींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. "कंसात का होईना," म्हणाल्या, "आलं."

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज दार बंद. संपर्क गटातलं जुळेना म्हणून देशांनी 'अनौपचारिक' बैठक घेतली, आणि अनौपचारिक बैठकीला निरीक्षक नसतात. आदल्या फेरीत, दक्षिण कोरियातल्या बुसानला, हेच झालं होतं. शेवटचे महत्त्वाचे दिवस बहुतेक बंद खोल्यांत गेले.

हे मला मनापासून चुकीचं वाटतं. देशांना मोकळेपणानं बोलायला, एकमेकांना सवलत द्यायला आडोसा लागतो, हे मी समजू शकते. पण आडोसा एखाद्या संध्याकाळपुरता असावा. ज्या खोलीत कलमं घडतात किंवा मोडतात तीच नेहमी बंद राहिली, तर बाहेर आल्यावर कुणी काय गमावलं आणि कुणाच्या हट्टापायी, हे सांगणारा कुणी उरत नाही. उघड्या खोलीत "आम्ही कामगारांच्या विरोधात आहोत" असं म्हणायला कुठलाही देश दहादा विचार करतो. मागच्या रांगेचा उपयोग मुख्यतः हाच.

दाराबाहेर जमिनीवर बसलेल्यांत एक ज्येष्ठ बाई होत्या, आयुष्य पर्यावरण कायद्यात घालवलेल्या. त्यांनी वर बोट करून सांगितलं की ह्याच इमारतीत आर्हुस कराराचं सचिवालय आहे. डेन्मार्कमधल्या आर्हुसला २५ जून १९९८ रोजी झालेला, ३० ऑक्टोबर २००१ला लागू झालेला हा करार नागरिकांना तीन गोष्टी देतो: पर्यावरणाची माहिती मिळण्याचा हक्क, निर्णयात सहभागाचा हक्क, आणि न्यायाचं दार. आपला देश करार पाळत नाही अशी तक्रार त्याच्या समितीकडे साधा नागरिकही करू शकतो. समितीवर कुणाला घ्यावं ह्यासाठी स्वयंसेवी संस्थाही नावं सुचवू शकतात. मला मात्र नवी होती ती पुढची गोष्ट. ह्या करारातले देश हीच तत्त्वं आंतरराष्ट्रीय निर्णयप्रक्रियेतही पुढे नेतील असं त्यांनी कलम ३च्या सातव्या परिच्छेदात कबूल केलंय, आणि ते कसं करायचं ह्यासाठी २००५ साली अल्माटीला मार्गदर्शक तत्त्वंही ठरवली. लॅटिन अमेरिकेचा एस्काझू करार त्याच वाटेवरचा, २०२१पासून लागू. तो तर पर्यावरणासाठी लढणाऱ्यांच्या संरक्षणाची हमीही देतो.

म्हणजे आत बसलेल्या कितीतरी देशांनी हे दार उघडं ठेवायचं वचन आधीच लिहून दिलेलं आहे. बाईंनी त्या परिच्छेदाची प्रत मला दिली. मी ती संध्याकाळी दोन शिष्टमंडळांच्या हातात ठेवली. एकानं वाचतो म्हटलं, दुसऱ्यानं तिथंच उभ्या उभ्या वाचली.

९ ऑगस्ट, शनिवार

आढाव्याची बैठक. मसुदा बावीस पानांचा होता तो पस्तीस पानांवर गेलाय. कंस जवळपास दीड हजार, सुरुवातीच्या कित्येक पट. आमच्या वाक्याचा कंस त्यातलाच एक.

पर्यावरण परिषदांचं रोजचं वार्तापत्र, 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन', आज मी ओळ न ओळ वाचलं. १९९२च्या रिओच्या तयारीच्या काळात ते तिघा कार्यकर्त्यांनी सुरू केलं. कोण काय बोललं ते कुठलीही बाजू न घेता लिहायचं, एवढाच नियम. आता सरकारी प्रतिनिधीसुद्धा सकाळी आधी तेच उघडतात, कारण सगळ्या खोल्यांत त्यांनाही एकाच वेळी बसता येत नाही. निर्णयात भाग घ्यायचा म्हणजे भाषण करायचं असं मला पूर्वी वाटायचं. नीट नोंद ठेवणं हे त्याहून टिकाऊ काम आहे.

१० ऑगस्ट, रविवार

औपचारिक बैठका नाहीत. मावशी झोपल्या, त्यांना झोपेची गरज होती.

मी इतर संघटनांच्या लोकांसोबत शेवटच्या सभेसाठी निवेदन लिहायला बसले. मधूनमधून बोलणं एकाच आकड्यावर येत होतं. आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा केंद्रानं नोंदणीच्या यादीवरून मोजलं, तर खनिज तेल आणि रसायन उद्योगांचे २३४ प्रतिनिधी इथं आहेत. युरोपीय संघ आणि त्याचे सत्तावीस देश मिळून २३३. वैज्ञानिकांच्या आघाडीचे साठ. प्लास्टिकवरच्या आदिवासी मंचाचे छत्तीस. उद्योगांच्या माणसांतले बरेच आमच्यासारखेच 'निरीक्षक' आहेत, काही तर देशांच्या शिष्टमंडळांतूनच आलेत.

उद्योगांना बाहेर काढा असं मी म्हणणार नाही, माल तेच बनवतात, त्यांना काय जमेल हे त्यांनाच विचारावं लागेल. पण ज्याचा धंदा कमी होणार आहे आणि ज्याच्या अंगणात ते जळतंय, या दोघांना एकाच शब्दात मोजणं अन्यायाचं आहे. तंबाखूच्या करारानं हा फरक केला. तिथं कलम ५.३ सरकारांना सांगतं की आरोग्याची धोरणं तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपा. प्लास्टिकच्या बाबतीत तेवढं धाडस अजून कुणी दाखवलेलं नाही.

निवेदन तीन मिनिटांचं लिहिलं. निरोप आला, दोन मिनिटंच मिळतील. कापलं. शेवटचं वाक्य मावशींचं ठेवायचं ठरलं.

११ आणि १२ ऑगस्ट

बंद दारं. कॉरिडॉर. बॅटरी संपलेले फोन. सातव्या तारखेच्या त्या बाई एकदा दिसल्या, डोळे लाल. "वाक्य आहे अजून," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

अध्यक्ष लुइस वायास वाल्दिव्हिएसो यांनी स्वतःचा नवा मसुदा दिला. दुपारी फोनवर आला तसा आम्ही वीस-पंचवीस जण जमिनीवर बसूनच वाचू लागलो. कंस गेले होते. पण त्यांच्याबरोबर खूप काही गेलं होतं. उत्पादनाला आवर घालण्याचं कलमच नव्हतं. बुसानला रवांडाच्या ज्युलिएट काबेरा यांनी ८५ देशांच्या वतीनं उभं राहून महत्त्वाकांक्षी कराराची मागणी केली होती, सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं होतं, त्या मागणीच्या गाभ्याचा मुद्दा एका दुपारीत पुसला गेला. आमचं वाक्य मी तीनदा शोधलं. नव्हतं.

मावशींना सांगताना मला जड गेलं. त्यांनी विचारलं, "कोणी काढलं?" मला उत्तर देता येईना. त्या दिवशी खोली बंद होती.

संध्याकाळच्या सभेत एकामागून एक देशांनी हा मसुदा नाकारला. काहींना तो फार कमी होता, काहींना अजूनही फार जास्त. रात्री आम्ही तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली, नव्या मसुद्यातल्या परिच्छेदाचा नंबर घालून.

१४–१५ ऑगस्ट

चौदा तारीख शेवटची होती. दिवसभर थांबलो. मध्यरात्रीच्या थोडं आधी सभा बोलावली, मिनिटभरात उद्यावर ढकलली. माणसं खुर्च्यांवर, जिन्यात, कोट अंगावर घेऊन झोपली. मावशी मांडी घालून बसून राहिल्या. रात्र चढल्यावर अध्यक्षांचा आणखी एक मसुदा आला. तो काही कलमांत आधीच्याहून बरा होता, पण सहमती होण्याइतका नाही.

सकाळी सभा सुरू झाली. देश बोलले. एकेक पाटी उभी होत गेली, बहुतेकांचा सूर एकच: निराश आहोत, पण थांबणार नाही. करार झाला नाही. बैठक पुढे कधीतरी पुन्हा भरेल, तारीख नाही.

मग निरीक्षकांची पाळी आली. आमचा कागद माझ्या हातात होता. पहाटे तो एका मिनिटावर आणला होता, मावशींचं वाक्य तेवढं तसंच राखून. आधी तरुणांच्या संघटनेचं निवेदन झालं. त्यानंतर दोन देशांच्या प्रतिनिधींनी विनंती केली की चोवीस तास झाले, आता आटोपतं घ्या. अध्यक्षांनी हातोडा आपटला. सभा संपली.

रांगेत आमच्यापुढे किती जण होते ते मी मोजलं नव्हतं. जंगलातून, बेटांवरून, कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्त्यांतून आलेली माणसं होती. अकरा दिवस थांबली होती. मिनिटभर बोलायला. राग आला, अजून आहे. सरकारं रात्रभर जागून थकली हे खरं, पण आम्हीही त्याच रात्री त्याच इमारतीत जागलो होतो. निरीक्षकांची पाळी शेवटी ठेवायची आणि शेवटी वेळच ठेवायचा नाही, ही रीत बदलली पाहिजे. सभेच्या सुरुवातीला, देशांच्या आधी, दहा मिनिटं द्या. नियमात तसं लिहा.

बाहेर आलो. शिल्पातला तो माणूस ढिगाखाली गेला होता. मावशी जवळ गेल्या, हात न लावता नुसत्या बोटानं प्लास्टिकचे प्रकार दाखवत होत्या: पेट, एचडी, एलडी, हे घेतील, हे कुणी घेणार नाही. "हे उतरवल्यावर कुठं नेणार, विचार ना त्यांना," म्हणाल्या.

ट्राम येत होती. त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला. "परत कधी बसणार हे?"

"ठरलेलं नाही, मावशी."

"मग नीट घडी कर. असा चुरगाळू नको. आणि त्या बाईंचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

नंबर होता. ट्राममध्ये बसल्या बसल्या मी त्यांना निरोप लिहिला आणि त्याला आमचं ते वाक्य जोडलं, कंसाशिवाय.